लाडाचा शब्द

बायको गेल्यावर शिंपीकाकांना तिच्या माहेरची भाषा शिकायची ओढ लागली. उभा संसार काकांच्या भाषेत झाला. तिची भाषा कानावर पडायची ती बहुतेक करून ती बहिणीशी फोनवर बोलायची तेव्हाच. काका शेजारी मान खाली घालून शिवत बसायचे. आता तो आवाज नव्हता आणि दुकान खायला उठायचं.

लेकीनं मोबाइलवर अ‍ॅप घालून दिलं. अ‍ॅप गुणी होतं. 'सफरचंद लाल आहे' एवढं म्हटलं तरी टाळ्या वाजवायचं, चुकलं तर रागवायचं नाही. पण काकांना हवा होता एकच शब्द, आणि तो काही त्यात सापडेना.

मग लेकीनं ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई शोधल्या. पहिल्याच तासाला काकांनी चाचरत तो शब्द उच्चारला.

"ताट निवून जायचं, तरी मी मशीन सोडायचो नाही. तेव्हा ही मला असं म्हणायची. लाडाचंच असेल काहीतरी."

बाईंनी ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. "काका, याचा अर्थ ठोंब्या. पण परक्याला नाही हं म्हणत. फक्त आपल्या माणसाला."

काका चपापले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इतकी वर्षं ते या शब्दाला मोठ्या प्रेमानं 'ओ' देत आले होते.

"मग अ‍ॅप काढून टाकू?" लेकीनं विचारलं.

"काढ. आणि बाईंना विचार, उद्या जरा जास्त वेळ देतील का. तिचे अजून बरेच शब्द माझ्या कानात तसेच पडून आहेत."