यानांच्या दारावरचे आंबट अक्षर

मी एक जुनी पाटी आहे. माझ्या अंगावर एकच चिनी अक्षर कोरलेले आहे. मित्रांनो, पाटी एक आणि अक्षरही एक, म्हणून ‘मी’ म्हटले की दोन्ही समजा. अक्षराचा उच्चार ‘त्सू’, अर्थ व्हिनेगर.

माझे अंग नीट बघा. डावीकडे आहे तो दारूचा रांजण. उजवीकडे जे आहे त्याचा अर्थ ‘गेलेले दिवस’. पंडित म्हणतात, उजवा भाग नुसता उच्चारापुरता घेतलेला आहे, अर्थाशी त्याचा संबंध नाही. म्हणू देत. त्यांनी कधी रांजण ढवळलाय? रांजणात दिवस घातल्याशिवाय व्हिनेगर होत नाही, हे आमच्या शान्शी मुलखातल्या शेंबड्या पोरांनाही कळते.

फार पूर्वी माझा अर्थ वेगळा होता आणि उच्चारही. मला ‘त्स्वो’ म्हणत. यजमानाने पाहुण्याला पेला भरून दिला, की पाहुण्याने उलटून यजमानाला भरून द्यायचा. तो परतीचा पेला म्हणजे मी. आंबटपणाचे काम तेव्हा माझ्या शेजारणीकडे, दुसऱ्या एका अक्षराकडे होते. पुढे लिहिणाऱ्यांनी घोळ घातला आणि आमची अदलाबदल झाली. जपानात ती शेजारीण अजून व्हिनेगरच्या बाटल्यांवर मिरवते, तिथे तिला ‘सु’ म्हणतात. मला खाली दक्षिणेत, कँटनकडे, ‘छोउ’ म्हणतात. नवऱ्यावरून जळणाऱ्या बाईला ‘व्हिनेगर प्यायली’ म्हणतात, तो ठपकाही माझ्याच माथी. माझे जुने काम गेले, पण खोड गेली नाही. कोणी काही दिले की ते परत केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मला यान घराण्यातल्या म्हाताऱ्याने अक्रोडाच्या फळीवर कोरून घेतले आणि आपल्या दुकानाच्या दारावर टांगले. त्याची थोरली सून छ्याओ शीचन. लग्न होऊन आली तेव्हा कमरेएवढ्या रांजणापाशी उभी राहिली आणि सासऱ्याला म्हणाली, “एवढंच? मला वाटलं, यानांकडे मोठे रांजण आहेत.” मला ती तिथेच आवडली.

ज्वारीचे व्हिनेगर तिने शिकून घेतले. ताजे व्हिनेगर अंगणातल्या उघड्या रांजणांत राहते. उन्हाळ्यात ऊन त्यातले पाणी पिते. हिवाळ्यात पाण्याचा बर्फ होऊन वर येतो, तो पहाटे हातांनी काढून फेकायचा. खाली उरते ते काळेभोर, दाट. शीचनची बोटे त्या बर्फाने फुटत, रक्त येई. तिने कधी हूं की चूं केले नाही. पण घरातला धाकटा दीर शोउये पत्ते कुटत बसलेला दिसला की तिचे तोंड सुटे. “भावजी, पत्त्यांवरचा बर्फ काढून झाला का?”

लोक माझ्याकडे बघून लांबून येत. माझी फार वाहवा झाली, खोटे कशाला बोलू?

मग म्हाताऱ्यामागोमाग शीचनचा नवराही गेला. आमच्याकडे सुतक असले की दारावरच्या अक्षरांवर पांढरा कागद चिकटवतात. माझे डोळे असे झाकलेले असतानाच कोणीतरी शिडी लावली. आवाजावरून ओळखले.

“भावजी, काय चाललंय?” शीचनने खालून विचारले.

“पाटी नेतोय. वडिलांची आहे. घरात बाप्या उरला नाही. दुकान काय बायका चालवणार?”

“तुमच्या भावाच्या थडग्यावरची माती अजून ओली आहे.”

“म्हणून तर आत्ताच नेतो. मागाहून वाद नको.”

“न्या. रांजणही न्या की.”

“ते जड आहेत, वहिनी.”

“हो ना. जड असतं ते नेहमी माझ्याकडेच राहतं.”

इथे सुतक महिनोन्महिने चालते, आणि तोवर सुतकातल्या बाईने दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. शोउयेने हे पुरते हेरले होते. त्याने बस थांब्याजवळ गाळा घेतला आणि मला वर टांगले. आत काय होते? आम्लाची बाटली, नळाचे पाणी आणि रंगाला करपवलेली साखर. एका दुपारात व्हिनेगर तयार! गिऱ्हाईक माझ्या ओळखीने येई आणि ते रंगीत पाणी घेऊन जाई. तिकडे शीचनचे रांजण भरलेले आणि दार ओस. अजून एखादे वर्ष असेच गेले असते, तर तिला रांजण विकून परगावी दिलेल्या लेकीच्या दारात जाऊन बसावे लागले असते. ते मला दिसत होते, आणि मी त्या माणसाच्या डोक्यावर लटकत होते. रोज खिळ्याला विनवायचे, सुट रे बाबा, आत्ता तो बरोबर खाली उभा आहे. खिळा दगडाच्या काळजाचा.

सुतक फिटले तेव्हा हिवाळा आला होता. बाराव्या महिन्याच्या अष्टमीला इथे घरोघरी व्हिनेगरात लसूण घालतात, त्यामुळे त्या दिवशी दुकानासमोर ही गर्दी. शीचन आली ती थेट गर्दीच्या मधोमध.

“भावजी, पाटी लख्ख ठेवलीत हो! पण रांजण कुठे दिसेनात?”

“आत आहेत.”

“आत? का, बाहेर सर्दी होते त्यांना?”

लोक खिदळले. जुन्या गिऱ्हाईक खांग आजी पुढे सरकल्या. “खरंच की रे शोउये. तुझा बाप तर दारात रांजण मांडायचा. आम्ही पोरी तो बर्फ चोखायचो, आंबट आंबट. व्हिनेगरवाल्याचे रांजण थंडीत घरात? हे नवीनच ऐकते.”

शोउयेचे कान लाल झाले. “आजच मांडतो! वहिनीच्या दुप्पट! काठोकाठ भरून!”

“काठोकाठ?” शीचनने हात जोडले. “वा, भावजी. झाकणंही घट्ट ठोका बरं का, कुत्री तोंड घालतील.”

मित्रांनो, मला वरून हसू आवरेना. यानांच्या अंगणात रांजण कधी काठोकाठ भरत नाहीत. बर्फाला फुगायला जागा लागते. झाकण म्हणून वर नुसते गवत टाकतात. ज्या घरात तो जन्मला त्या घरातली ही गोष्ट, पण त्याने कधी रांजणाला हात लावला असेल तर ना!

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आवाज आला. फाट्! मग दुसरा. मग तिसरा. माणसे धावली. खापऱ्या विखुरलेल्या, आणि मधे तपकिरी बर्फाचे गोळे उभे, तळापर्यंत टणक, रांजणाच्याच आकाराचे. काळा थेंबसुद्धा कुठे नाही. खांग आजींनी तुकडा उचलून जिभेला लावला.

“थू! करपली साखर आणि दवाखान्याचा वास! मेल्या, माझ्या नातवंडांना हे पाजलंस?”

तेवढ्यात हातगाडीवर आपला एक रांजण घेऊन शीचन आली. तिने सगळ्यांसमोर वरचा बर्फाचा पापुद्रा उचलून फेकला आणि खालच्या काळ्या व्हिनेगरची पळी आजींच्या वाटीत ओतली. आजी डोळे मिटून प्यायल्या. मग कोणालाच काही विचारायचे उरले नाही.

“वहिनी,” शोउये हळूच म्हणाला, “घरातली गोष्ट घरात मिटवू.”

“घरात बाप्या नाही म्हणाला होतात ना? आता सापडलाय एक. चढा शिडीवर.”

त्याने स्वतःच्या हातांनी मला काढले. तिने मला त्याच्या पाठीवर बांधायला लावले, अक्षर बाहेर करून, आणि सबंध बाजारातून चालवले. मी अक्रोडाची आहे. अंगात होते नव्हते तेवढे वजन मी त्याच्या पाठीवर टाकले. माझा कोपरा त्याच्या खांद्यात रुतत होता आणि मी तो मुळीच सैल सोडला नाही.

आता मी माझ्या जागी आहे. गिऱ्हाईक परत आले, रांजण विकायची वेळ आली नाही. शोउयेचा गाळा बंद पडला. नव्या वर्षाच्या दिवशी तो भावजयीकडे जेवायला येतो. शीचन त्याला मटणाच्या उकडलेल्या करंज्या भरपूर वाढते; व्हिनेगरात बुडवल्याशिवाय त्या इथे कोणी खात नाही. दीर आहे, उपाशी कशी ठेवेल? दार उघडे असते, मला आतले सगळे दिसते. त्याचा हात व्हिनेगरच्या बरणीकडे जातो. शीचन बरणी उचलते आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवते. तो कोरड्या करंज्या गिळतो. दरवर्षी.

मित्रांनो, दारावर जे अक्षर लावाल ते घरात असू द्या. आणि दुसऱ्याच्या दारावरचे उचलून नेऊ नका. आम्हा अक्षरांना माणसांसारखे विसरता येत नाही, आणि माझ्यापुरते विचाराल तर मला विसरायचेही नाही.