खिडकीजवळची खुर्ची

माझ्याकडे पेशंट येत नाहीत, पेशंटचे तुकडे येतात. काचेवर रंगवून, ट्रेमध्ये घालून. मायक्रोस्कोपखाली बघायचं, कोणती गाठ ते लिहायचं, सही करायची. संध्याकाळपर्यंत मान आखडते, डोळे चुरचुरतात, आणि घरी कुणी साधं काही विचारलं तरी मी वसकन अंगावर जाते. नवरा म्हणतो, त्या यंत्राशीच लग्न करायचं होतंस.

त्यामुळे दारात ती बाई येऊन उभी राहिली तेव्हा मला वैतागच आला. तिच्या स्तनातल्या गाठीच्या काचा दुसऱ्या लॅबमधून आमच्याकडे फेरतपासणीला आल्या होत्या. सोमवारी तिची केमो सुरू व्हायची होती.

"मी घड्याळं दुरुस्त करते," ती म्हणाली. "केमोनं बोटं बधिर होतात म्हणे. पायांची झाली तर होऊ देत. हातांची वाचतील का, तेवढं सांगा."

"ते केमोच्या डॉक्टरांना विचारायचं."

"विचारलं. ते म्हणाले, जीव हवा की बोटं?"

"आलाच आहात तर बसा," म्हटलं आणि तिच्या काचा काढल्या.

रिपोर्टात लिहिलं होतं, तिन्ही रिसेप्टर नाहीत. पेशींवरच्या या तीन खुणा नसल्या की कॅन्सर उग्र धरायचा आणि जोरात केमो द्यायची, हे आम्हाला तोंडपाठ. इथेच आमची गफलत होते. तिन्ही नाहीत म्हटलं की पुढे कुणी बघतच नाही. मीसुद्धा सही ठोकून मोकळी झाले असते. पण ती समोर बसली होती, हात मांडीवर ठेवून. मग नीट बघणं आलं.

पेशींचे गोल पुंजके, त्यांत गोल भोकं, पिठाच्या चाळणीसारखी. ही गाठ एरवी लाळेच्या ग्रंथीत सापडते, स्तनात अगदी क्वचित. नाव भलं मोठं, चाल गोगलगायीची. गाठ नीट काढायची, रेडिएशन द्यायचं. केमो सहसा लागत नाही.

खात्रीशिवाय तिला काही बोलले नाही. घरी पाठवलं, आणखी तपासण्या लावल्या, आणि केमोच्या डॉक्टरांना थांबायला सांगितलं.

"तिन्ही निगेटिव्ह आहे, आता अजून काय बघायचंय?" ते करवादले.

"गाठ कुठली आहे, ते," म्हटलं आणि फोन ठेवला. सगळा दिवस याच भांडणात गेला की माणूस दमतो हो.

तपासण्यांनी माझं म्हणणं खरं ठरवलं. डॉक्टरही कुरकुरत कबूल झाले. त्यांनी तिला सगळं समजावलं, तरी ती माझ्याकडे आलीच.

"कॅन्सर आहेच," मी म्हटलं. "ऑपरेशन होणार, रेडिएशन होणार, पुढे वर्षानुवर्षं तपासण्या. पण केमो नाही."

ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. तिनं कपाळावर हात मारला.

"दुकानातली खिडकीजवळची खुर्ची परवाच जावेला देऊन बसले. भिंगासकट. आता जावेकडून परत मागायची म्हणजे... त्यापेक्षा केमो सोपी होती."

आम्ही दोघी हसलो, दमलेल्या बायका हसतात तशा, आवाज न करता. मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

उठताना तिची नजर माझ्या मनगटावर गेली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"तुमचं मागे पडतंय," ती म्हणाली. "दुकानात आणा. जावेच्या हातात देऊ नका. मी असेन."