गुटगुटीत ठिपके

पुन्हा एकदा टाकी गटारात सोडावी लागली, तेव्हा थोरली तिथलंच एक स्टूल ओढून बसली. उभं राहण्यात काही राम उरला नव्हता. शेडभर आंबूस, उबदार वास पसरला होता आणि पांढरट पाणी नळीतून भदाभदा वाहून चाललं होतं. टाक्या सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पैलवान म्हणत, कारण फुंकर मारली तर उडून जाईल अशी त्याची देहयष्टी होती. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"बाई, यीस्ट बघा कसं तरारून वाढलंय! पण एन्झाइमच्या नावानं बोंब."

"खायला काळ आणि भुईला भार," थोरली म्हणाली.

काम सांगायला सोपं होतं. कापड विणताना धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात, आणि विणून झालं की ती खळ काढून टाकावी लागते. खळ पचवायची कला एका बुरशीला उपजत येते. थोरलीनं बुरशीचं ते जनुक उचलून यीस्टमध्ये घातलं होतं. यीस्टनं साखर खायची, वाढायचं आणि खळ काढणारं एन्झाइम ओतत राहायचं, एवढीच अपेक्षा. लहान चंबूत यीस्ट ते इमानेइतबारे करत होतं. मोठ्या टाकीत मात्र नुसतंच जेवत होतं.

प्रयोगशाळा म्हणायची टाकीत दोष आहे, टाकीवाले म्हणायचे बियाण्यात, म्हणजे प्रयोगशाळेतून येणाऱ्या यीस्टमध्ये. नाचता येईना अंगण वाकडं, हे दोघांनाही मान्य होतं. फक्त नाचणारं कोण आणि अंगण कुणाचं, एवढंच ठरत नव्हतं. शेवटी साहेबांनी थोरलीला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर कुणी बसलेलं होतं.

"आणखी एक टाकी करून बघा," ते म्हणाले. "तीही गेली तर हे काम बंद. फ्रीजरमधली जागा दुसऱ्यांना हवी आहे."

म्हणजे तिनं केस पांढरे करून जमवलेल्या यीस्टच्या सगळ्या कुप्या बाहेर. थोरली "बरं" म्हणाली. ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

घरी आई पलंगावर वाट बघत होती. पडल्यापासून आईला उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, सगळं थोरलीच करायची. थोरलीनं पाठीमागे उशी सरकवली, तशी आई तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुझं तोंड कायम असं उतरलेलं का असतं गं? धाकटी बघ कशी टवटवीत दिसते."

धाकटी गावातच राहायची. सुट्टीच्या दिवशी फुलं घेऊन यायची, आईच्या गालाला गाल लावायची आणि डोळ्यांत पाणी आणून सांगायची, "मला नाही गं बघवत आईला असं." मग घड्याळ बघायची. जिला बघवत नाही तिनं बघायचं नाही आणि जिला बघवतं तिनंच करायचं, असा त्या घरातला कायदा होता. तो कुणी केला ते कुणालाच आठवत नव्हतं.

"टवटवीत राहायला वेळ लागतो, आई," थोरली म्हणाली आणि पाणी तापवायला गेली. आईला विनोद कळला नाही. खरं तर तो विनोदही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या टाकीसाठी बियाणं निवडायला बसली. बशीत यीस्टचे ठिपके उगवले होते. त्यांतला एक टोकदार काडीनं उचलायचा, चंबूत वाढवायचा, मग टाकीत सोडायचा. तिचा हात सवयीनं सगळ्यात मोठ्या, पांढऱ्याशुभ्र, गुटगुटीत ठिपक्याकडे गेला. सगळे तोच उचलतात. मरतुकडा ठिपका कोण उचलेल? पण आज काडी टेकवायच्या आत तिचा हात थांबला. यात कसलीही प्रतिभा नव्हती, नुसता वैताग होता. इतक्या वेळा गुटगुटीतच उचलला आणि इतक्या वेळा टाकी गटारात गेली, मग एकदा सगळ्यांचीच परीक्षा घेऊ, असं तिनं ठरवलं.

तिनं मखमलीचा तुकडा बशीवर अलगद दाबला आणि तोच खळ घातलेल्या दुसऱ्या बशीवर दाबला. त्यामुळे मूळ ठिपके जिवंत राहिले आणि त्यांचा ठसा दुसरीकडे उगवला. तो पुरता उगवल्यावर तिनं त्या ठशावर आयोडीन ओतलं. खळ असेल तिथे निळंजांभळं होतं, खळ पचलेली असेल तिथे रंग चढत नाही. बशी गर्द जांभळी झाली. बारक्या, खुरटलेल्या ठिपक्यांभोवती स्वच्छ गोल कडी उमटली. गुटगुटीत ठिपक्यांभोवती काहीच नाही. ते जांभळ्या रंगात ऐटीत बसून होते.

थोरलीला क्षणात सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर ती हसायलाच लागली. ते जनुक म्हणजे यीस्टच्या डोक्यावरचं परकं ओझं. जगायला लागणारं आणखी एक जनुक त्यालाच जोडून, हलाखीचं खाणं दिलं की ओझं टाकणारा मरतो, असा बंदोबस्त तिनंच केलेला होता, आणि लहान चंबूत तो चालतही होता. पण टाकीसाठी बियाणं लवकर वाढावं म्हणून ती भरपेट खाणं द्यायला लागली होती. भरल्या ताटावर कोण ओझं वाहील? काहींनी ते टाकलं, मोकळे झाले आणि फुगले. जे वाहत राहिले ते खुरटले. आणि ही शहाणी दर वेळी टाकणाऱ्यालाच उचलून पाटावर बसवत होती!

तिला धाकटीची आठवण झाली आणि स्वतःचीच लाज वाटली. सख्खी बहीण काही बशीतला ठिपका नव्हे. पण आठवण झाली ती झालीच. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा तिनं चष्मा काढून पुसला आणि मूळ बशीतला कडेचा एक रोडका ठिपका उचलला. या वेळी खाणंही हात राखून द्यायचं, हे तिनं ठरवून टाकलं.

टाकी रडतखडत वाढली. पैलवान काचेतून बघून म्हणाला, "बाई, हे काय दुखण्यातून उठलेलं आणलंत?" साहेब येऊन मान हलवून गेले आणि थांबवू या म्हणाले.

"थांबवायचं नाही," थोरली म्हणाली. आपला आवाज एवढा चढतो, हे तिलाही नवीन होतं.

शेवटी तिनं टाकीतलं पाणी भांड्यात काढलं आणि त्यात खळीनं पुठ्ठ्यासारखं कडक झालेलं कापड बुडवलं. जरा वेळानं कापड लुळं पडलं. धुऊन त्यावर आयोडीन टाकलं, तर निळा डागसुद्धा नाही. पैलवान कापड पिळून पिळून बघत राहिला.

"तुमच्या टाकीचा दोष नव्हता," ती त्याला म्हणाली. "मीच चुकीचं उचलत होते."

"मी असतो तर मीही तेच उचललं असतं, बाई," तो म्हणाला. "धट्टंकट्टं दिसलं की आपल्याला वाटतं, हेच कामाचं."

साहेब खुलले. "आता ते जनुक असं पक्कं बसवा की यीस्टला टाकताच येऊ नये. तुम्हीच करा, तुमच्याशिवाय कोण करणार?"

ती "बरं" म्हणायला गेली, पण शब्द तोंडातून फुटेना. "उद्या मी येणार नाही," एवढंच म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. काम वाचलं होतं. पण आनंदालाही अंगात थोडं बळ लागतं, ते तिच्याकडे नव्हतं.

घरी आई म्हणाली, "सकाळी केसांवरून आंघोळ घालशील? डोकं खाजतंय." थोरली पलंगापाशी जमिनीवरच बसली.

"आई, माझ्यानं नाही होत आता."

असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती. आईनं थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"हाक मारली की तू येतेस, म्हणून तुलाच मारत गेले. तिला कधी मारूनच बघितली नाही. फोन लाव तिला."

"ती नाही यायची."

"लाव तर खरं. मी बोलते."

थोरलीनं फोन लावून आईच्या कानाला धरला. "उद्या सकाळी ये," आई म्हणाली. "फुलं नकोत. मला आंघोळ घालायला ये." पलीकडून बारीक आवाजात बरंच काही येत राहिलं. आईनं ते सगळं ऐकून घेतलं. "नाही बघवत तर डोळे मिटून घाल," ती म्हणाली. "पण ये."

मग धाकटीनं ताईला फोन द्यायला सांगितलं. थोरलीला वाटलं, आता भांडण. पण धाकटीचा आवाज घाबरलेल्या पोरीसारखा होता.

"ताई, आईला पाणी किती गरम लागतं गं?"

थोरलीनं तोंड उघडलं. किती गरम, आधी पायांवर, मग पाठीवर, कुठला खांदा दुखतो, सगळं ओठांवर होतं.

"तिलाच विचार," ती म्हणाली आणि फोन आईच्या हातात दिला.