चेन्नईवालं सॉफ्टवेअर

अमृता ओव्हाळला तो अपमान शब्दन् शब्द पाठ होता.

तेव्हा ती लोणावळ्याच्या हेड ऑफिसात होती. कस्तुराबाईंनी, म्हणजे सगळ्या स्टाफच्या मावशींनी, चिक्कीच्या एका भट्टीवर सुरू केलेल्या धंद्याच्या आता सहा कंपन्या झाल्या होत्या. कारखाना, कार्ल्याचं रिसॉर्ट, कोल्ड स्टोरेज, बसगाड्या, असं बरंच काही. वर्षअखेर सहाही कंपन्यांचे हिशेब जुळवून एक ताळेबंद करायचं काम अमृता एक्सेलवर करायची. त्या वर्षी कारखान्याने रिसॉर्टला चाळीस लाखांचा माल विकल्याचं दाखवलं, आणि रिसॉर्टकडे खरेदी निघाली एकतीस लाखांची. फरक शोधायला वेळ लागणार होता. फायनान्स हेड स्वराज सरांनी तो शोधलाच नाही, परस्पर आकडा बदलून मोकळे झाले. ऑडिटरने पकडलं तेव्हा भर मीटिंगमध्ये म्हणाले, "अमृताची चूक. आरक्षणातून डिग्री मिळते हो, अक्कल नाही मिळत."

कस्तुराबाई चहात बिस्किट बुडवत राहिल्या. पुढच्याच आठवड्यात अमृताची बदली कार्ल्याच्या रिसॉर्टवर झाली, किचनमागच्या बिलिंगच्या खोलीत.

इंदुरी गावातल्या घरी भाऊ म्हणाला, "सोड ती नोकरी."

"सोडणार. पण त्याला खुर्चीवरून उठवल्यावर."

तीन वर्षं तिने बिलं फाडली. मग बँकेने तगादा लावला की आता एक्सेल पुरे, सगळ्या कंपन्यांचे हिशेब एकत्र करणारं सॉफ्टवेअर घ्या. दोन सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघायला आली, एक पुण्याचं, एक चेन्नईचं. प्रत्येक कंपनीतून एकाने मत द्यायचं होतं. रिसॉर्टकडून अमृता होती.

पुण्याचं देखणं होतं, शिकायला सोपं. पण त्यात हेड ऑफिसला कुठलाही आकडा बदलता यायचा आणि मागमूस राहायचा नाही. चेन्नईवालं दिसायला रुक्ष. मात्र त्यात कंपनीने पाठवलेला आकडा कुणी बदलला, की जुना आकडा, नवा आकडा, बदलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ, सगळं कायमचं राहायचं. हे डेमोच्या शेवटी सांगितलं गेलं. स्वराज सर तोवर फोन घेऊन बाहेर गेले होते, ते परतलेच नाहीत.

अमृताने बारा पानी अहवाल लिहिला. पुण्याच्या सॉफ्टवेअरची त्यात मनापासून स्तुती होती आणि एकही वाक्य खोटं नव्हतं. चेन्नईवाल्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते, ही एक गोष्ट तेवढी तिने लिहिली नाही.

मीटिंगमध्ये स्वराज सरांनी पानं भराभर उलटली.

"बिलिंगच्या बाईला आवडलं म्हणजे ते बिलिंगपुरतंच असणार," ते हसले. "आपण चेन्नईवालं घेऊ."

"पण सर, आम्हाला ते अवघड जाईल..."

"तुला काय झेपतं ते आम्ही बघितलंय."

त्यांनी तिथेच सही केली. अमृता मान खाली घालून बाहेर आली. हसू दाबून तिचे गाल दुखत होते.

मार्चअखेर बस कंपनी आणि कोल्ड स्टोरेजच्या हिशेबात नऊ लाखांचा फरक आला, ताळेबंदात मात्र तो दिसेना. एप्रिलच्या मीटिंगला सगळ्या कंपन्यांची माणसं होती. ऑडिटरने विचारलं, "हा आकडा जुळला कसा?"

"बस कंपनीच्या पवनने काहीतरी घोळ केला असेल," स्वराज सर लगेच म्हणाले.

पवनचा चेहरा उतरला. ऑडिटरने आकड्यावर क्लिक केलं. भिंतीवरच्या पडद्यावर पवनचा मूळ आकडा आला. त्याखाली बदललेला आकडा आणि त्यापुढे स्वराज सरांचं नाव. एकतीस मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

जिन्यात त्यांनी अमृताला गाठलं. "तुला हे माहीत होतं?"

"हो सर. तुम्ही डेमो अर्धवट सोडून गेलात, मी शेवटपर्यंत बसले होते."

आठवड्याभरात त्यांचा राजीनामा घेतला गेला. कस्तुराबाईंनी अमृताला बोलावलं.

"तू ये हितं परत. त्याच्या जागी बस. पगार काय पायजे ते सांग."

"मावशी, पगाराचं नंतर. माझ्या फाईलमधली ती चूक माझी नव्हती, असं लिहून द्या. माझ्या जातीवरून बोललं गेलं, तेही लिहा. आणि त्याच माणसांपुढं वाचा."

"झालं गेलं. कशाला उकरतीस? बोलला त्यो, मी न्हाई बोलले."

"म्हणूनच. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

कस्तुराबाईंनी चहाचा कप बाजूला सारला. मग त्यांनी कागद मागवला.

मे महिन्याच्या मीटिंगमध्ये त्या उभ्या राहून वाचू लागल्या. वाचायची सवय नव्हती, अक्षर अक्षर लावत होत्या. 'जात' या शब्दाशी आल्या आणि थांबल्या. इतर माणसं टेबलाकडे बघत होती. कुणीतरी म्हणालं, "राहू दे मावशी, पोहोचलं."

अमृता जागेवरून हलली नाही.

"पुढचं वाचा, मावशी," ती म्हणाली. "अजून चार ओळी आहेत."