रिकाम्या खुर्चीवरचे बसकर

मित्रांनो, तुम्ही मला पहिल्यांदा पाहाल तर कुत्र्याचे अंथरूण समजाल. तसे समजणारे पुष्कळ भेटले. त्याचे मला आता काही वाटत नाही. मी एक जुने बसकर आहे. हातभर लांब, हातभर रुंद, बसताना खाली घ्यायचे. माझे वय तेवीस वर्षे. बसकराच्या मानाने हे फार झाले, आणि खरे सांगायचे तर मी थकले आहे.

माझा जन्म कॅनडात झाला. तिथल्या सपाट, गव्हाच्या प्रदेशात एक लहानसे शहर आहे. त्याचे नाव निघाले की आमच्या घरात अजून कुणी बोलत नाही, म्हणून मीही घेत नाही. शशिधर तिथे ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होते. त्यांची पत्नी सुप्रभाबाई एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत. शेजाऱ्यांनी त्या दोघांना एकदा बर्फावरची हॉकी पाहायला नेले. सुप्रभाबाईंना खेळ कळला नाही. ती काळी चकती तर त्यांना एकदाही दिसली नाही. पण ओरडून ओरडून घसा बसवून त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पुढच्या शनिवारी जायचं का?"

अडचण एकच होती. खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या आणि थंडी खालून वर येई. सुप्रभाबाईंनी दोन जुनी सुती लुगडी काढली, आत फाटक्या घोंगडीचे तुकडे भरले आणि बारीक धावदोरा घालून दोन बसकरे शिवली. निळे शशिधरना. लाल काठाचे त्यांचे स्वतःचे, ते मी.

बारा वर्षे आम्ही त्याच दोन खुर्च्यांवर होतो. गोल झाला की दोघे उठत आणि मी खाली पडे. माझ्यावर बूट पडले, चहा सांडला, एकदा तर कुणाची तरी मोहरी लावलेली सॉसेज. पण माझे कौतुकही झाले. शेजारच्या बाईंनी मला उलटेपालटे करून पाहिले आणि असेच एक मागितले. मग दुसरीने मागितले. त्या हिवाळ्यात सुप्रभाबाईंनी आमच्या रांगेसाठी सात बसकरे शिवली. घरातली लुगडी संपली तेव्हा त्यांनी पडदे कापले.

मग वाईट दिवस आले. टीमच्या मालकाने सांगितले की हे शहर लहान आहे. खेळाडूंना पगार अमेरिकन डॉलरमध्ये द्यावा लागतो, आणि सामना बघायच्या महागड्या खोल्या भाड्याने घेतील अशा मोठ्या कंपन्या इथे नाहीत. लहान गावाला टीम झेपत नाही, असे त्याचे म्हणणे होते. गाव पेटून उठले. ज्याने त्याने जास्तीची तिकिटे घेतली. शशिधरनी चार घेतली, दोन बसायला आणि दोन मदत म्हणून.

पण जास्तीच्या तिकिटांवर बसणार कोण, हे कुणी ठरवलेच नव्हते. बाहेर उणे पस्तीस. विकलेल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. सुप्रभाबाई आपल्या बाजूच्या दोन खुर्च्यांकडे बघून म्हणाल्या, "ताट वाढायचं आणि जेवायला कुणाला बोलवायचंच नाही, त्यातली गत आहे ही."

"अगं, तिकीट घेतलंय ना? मदत झाली की," शशिधर म्हणाले.

टीव्हीवर कॅमेरा फिरला तेव्हा त्या खुर्च्या साऱ्या देशाने पाहिल्या. उन्हाळ्यात टीम अमेरिकेतल्या एका वाळवंटी शहरात गेली. तिथे बर्फ म्हणे फक्त सरबतात दिसतो. त्यांची मुलगी चैत्राली तेव्हा सोळा वर्षांची होती. शेवटच्या सामन्याला ती इतकी रडली की तिने पुन्हा हॉकी बघणार नाही अशी शपथ घेतली. मला घडी घालून ट्रंकेत टाकले.

दोन वर्षांनी शशिधरांचा कारखानाही बंद पडला. सुप्रभाबाईंचे भाऊ लीड्सला होते. त्यांच्या ओळखीने शशिधरना बसच्या डेपोत काम मिळाले आणि ट्रंक इंग्लंडला आली. लीड्समध्ये घर परवडेना, म्हणून ते पाऊण तासावरच्या स्किलबरो गावात राहिले. तुम्ही ते गाव ऐकले नसेल. तिथले लोकही फारसे सांगत नाहीत.

पहिल्याच हिवाळ्यात सुप्रभाबाईंना बसस्टॉपवर एक पोस्टर दिसले. स्किलबरो रॅम्स, आइस हॉकी, दर शनिवारी. त्या घरी आल्या. त्यांनी आधी ट्रंक उघडली.

सुपरमार्केटच्या मागची ती रिंक, म्हणजे बर्फाच्या मैदानाची इमारत, बुटकी होती. तळलेल्या बटाट्यांचा वास सगळीकडे. दोन हजार खुर्च्या, त्यातल्या बाराशे भरल्या तर भरल्या. पण निम्मे खेळाडू कॅनडातल्या छोट्या गावांतून आलेले, आणि ते एकमेकांना शिव्या देताना ऐकून सुप्रभाबाईंना माहेरी आल्यासारखे वाटले. आम्ही सहाव्या रांगेत बसू लागलो. मागच्या रांगेत मॉरीन होती. तिने तीस वर्षे टपाल वाटले होते. ती सर्वांना 'लव्ह' म्हणे आणि सुप्रभाबाईंच्या चिवड्याला 'तुझा तो तिखट भुसा'. भुसा आणला नाही तर रुसून बसे.

मित्रांनो, ही सहा वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे.

२००४ च्या उन्हाळ्यात सुप्रभाबाई आजारी पडल्या. ऑक्टोबरात त्या दोन सामन्यांना आल्या. अंगावर मांस राहिले नव्हते, म्हणून शशिधरनी दोन्ही बसकरे त्यांच्याखाली घातली आणि स्वतः प्लास्टिकवर बसले. नोव्हेंबरात त्या गेल्या. याहून जास्त मला सांगता येत नाही.

शशिधर सामन्यांना जात राहिले. हंगामाची तिकिटे त्यांनी दोनच घेतली, नेहमीसारखी. शनिवारी ते दोन्ही बसकरे पिशवीत घालत, निळे स्वतः घेत आणि मला शेजारच्या खुर्चीवर नीट पसरत. सुरकुती असली तर हात फिरवून काढत. कुणी येऊन विचारी, "इथं कुणी आहे का?"

"हो. येतेय ती," शशिधर सांगत.

मॉरीन हे मागून ऐके.

दोन वर्षे माझ्यावर कुणी बसले नाही. माझ्यावर चहा सांडला नाही, बूट पडला नाही. मी अगदी स्वच्छ राहिले. लोकांना वाटे, काय जपले आहे. मला ते आवडत नव्हते, पण बसकराला कोण विचारतो?

२००७ च्या जानेवारीत क्लबच्या मालकाचे पत्र दारावर लागले. हंगामाचे घरचे सहा सामने उरले होते. त्या सहांना सरासरी पंधराशे माणसे आली नाहीत, तर पुढच्या वर्षी पगारी टीम ठेवणार नाही. आणि मोजायची ती तिकिटे नव्हेत, दारातून आत आलेली माणसे. दाराशी डेरेक नावाचा म्हातारा हातात मोजायचे यंत्र घेऊन उभा राहू लागला. माणूस आत आला की टक्.

पहिल्या दोन सामन्यांना अकराशेच्या आसपास माणसे आली. दुसऱ्या सामन्यानंतर मॉरीन बसस्टॉपवर शशिधरांच्या शेजारी उभी राहिली. बराच वेळ ती हवेबद्दल बोलली. मग म्हणाली, "शशी लव्ह, राग मानू नकोस. आपल्या बाजूला चाळीसएक खुर्च्या विकलेल्या आहेत आणि रिकाम्या आहेत. त्यातली एक तुझी आहे."

"ती सुप्रभाची आहे."

"माहीत आहे मला. सहा वर्षं मी तिचंच डोकं बघत मॅच पाहिलीय."

बस आली. शशिधर वरच्या मजल्यावर जाऊन बसले, मॉरीन खाली राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चैत्राली लीड्सच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती आणि रविवारी वडिलांकडे येई. त्यांनी तिला सगळे सांगितले. मॉरीनने असे बोलायला नको होते, असेही सांगितले. चैत्राली भांडी पुसत होती. छोट्या गावांना हे झेपतच नाही बाबा, तिकडे झेपलं नाही, इकडे कसं झेपेल, असे ती म्हणाली. तिकडे आपण आपल्याकडून होईल तेवढे केले, असे शशिधर म्हणाले. यावर तिने हातातले फडके खाली ठेवले.

"बाबा, आजीच्या श्राद्धाला आई एक पान वेगळं वाढायची. आठवतं?"

"हो."

"तिकडे कावळा कधी शिवायचा नाही पानाला. आपण खिडकीत उभे राहून वाट बघायचो. मग आई काय करायची?"

शशिधरनी चहाचा कप बाजूला सारला.

"पान उचलून समोरच्या एकट्या म्हाताऱ्याला नेऊन द्यायची. म्हणायची, वाढलेलं पान कुणाच्या तरी तोंडी लागलं पाहिजे. आणि तुम्ही दोन वर्षं तिच्याच खुर्चीवर पान वाढून ठेवलंय. कुणाला जेवू देत नाही."

नळ गळत होता. शशिधरनी उठून तो बंद केला. तिकडच्या रिकाम्या खुर्च्या बघून सुप्रभाबाई वाढलेल्या ताटाबद्दल बोलल्या होत्या ते त्यांना आठवले असावे, कारण ते पुन्हा बसले तेव्हा पिशवीतून काढून मला मांडीवर घेऊन बसले.

"मग तूच ये शनिवारी," ते म्हणाले.

"मी शपथ घेतलीय, बाबा."

"मीसुद्धा घेतली होती, कॅनडा सोडणार नाही म्हणून."

तिसऱ्या सामन्याला चैत्राली आली. दारात डेरेकच्या हातात दोनदा टक् झाले. शशिधर दुसऱ्या आवाजाला थबकले, मागचे लोक त्यांच्यावर आदळले. मग चैत्राली माझ्यावर बसली. मित्रांनो, दोन वर्षांनी माझ्यावर वजन आले. माझ्यातली घोंगडी पार गोळा झाली होती. ती दबली आणि जागेवर बसली. पहिल्या गोलाला चैत्राली उठली, मी खाली पडले, आणि तिने बुटाने मला अर्धे तुडवले. तिचा पाय आईसारखाच पडतो.

चौथ्या सामन्याला तिची ड्यूटी होती. तेव्हा शशिधर शेजारच्या घरी भाड्याने राहणाऱ्या रवीला घेऊन गेले. तो नागपूरचा, कंपनीने वर्षभरासाठी पाठवलेला. बिचारा क्रिकेटची टोपी घालून आला.

"काका, बॉल दिसतच नाहीये."

"चकती असते. ती दिसत नाहीच. लोक उठले की आपण उठायचं."

मॉरीन मागून म्हणाली, "आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं असं दाखवतोय शशी." शशिधर हसले. मॉरीनच्या बाजूला तिची बहीण बसली होती, त्या पलीकडे टपाल कचेरीतल्या दोन बायका. आमच्या रांगेतली एकेक रिकामी खुर्ची भरत गेली. कुणी जावई आणला, कुणी दातांचा डॉक्टर. शेवटच्या सामन्याला एकोणीसशे माणसे आली आणि डेरेकचा अंगठा सुजला.

सरासरी निघाली चौदाशे अडतीस. बासष्ट माणसे कमी. पहिले दोन सामनेच आड आले. मालकाने शब्द पाळला. कॅनडाचे खेळाडू बॅगा घेऊन गेले आणि बसस्टॉपवरचे पोस्टर कुणी काढलेही नाही, पावसाने ते आपोआप गळून पडले.

त्या महिन्यात शशिधर आणि मॉरीन बसस्टॉपवर एकच गोष्ट बोलत. लहान गावाला टीम झेपते की नाही? मॉरीन म्हणे, झेपली असती. शशिधर म्हणत, नसती झेपली, एका वर्षाने तेच झालं असतं. मी हा प्रश्न दोन देशांत ऐकला आहे. मी बसकर आहे, मला डॉलर आणि पौंड कळत नाहीत. कदाचित नसेलही झेपत. मला एवढेच ठाऊक आहे की तिकडे माझ्या शेजारची आणि इकडे माझी स्वतःची जागा विकलेली होती आणि तिथे कुणी बसलेले नव्हते. एका खुर्चीने काही वाचले नसते. पण प्रत्येकाकडे अशी एक खुर्ची होती.

रिंक मात्र राहिली. सप्टेंबरपासून गावातलेच लोक रविवारी दुपारी तिथे खेळू लागले. एक वायरमन आहे, एक भूगोलाचा मास्तर, एक बसच्या डेपोतला. पगार नाही. बर्फावर घसरून पडतात फार. चारशे माणसे येतात आणि कुठेही बसता येते.

पहिल्या रविवारी शशिधर सहाव्या रांगेतच गेले. निळे त्यांनी घेतले आणि मला शेजारी पसरले. सवयीने सुरकुती काढली. काठी टेकत एक अनोळखी बाई आल्या. त्यांनी विचारले, "इथं कुणी आहे का?"

मागे मॉरीनचे चिवडा चावणे थांबले. तो चिवडा आता शशिधर करतात, मीठ जास्त पडते.

शशिधरनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "नाही. बसा."

त्या बसायला लागल्या तसे ते पुन्हा म्हणाले, "त्यावरच बसा. थंडी खालून येते. माझ्या बायकोनं शिवलंय ते."

मित्रांनो, तेव्हापासून दर रविवारी माझ्यावर कुणीतरी बसते. माझी एक कड उसवली आहे आणि आतली घोंगडी दिसते. रविवारी सकाळी शशिधर चष्मा लावून सुई घेऊन बसतात. त्यांचे टाके वाकडे पडतात, सुप्रभाबाईंचे सरळ टाके शेजारीच असल्यामुळे ते जास्तच वाकडे दिसतात. मी अजून किती टिकेन ते सांगवत नाही. तुमच्या घरातही गेलेल्या माणसाच्या हातचे काही कपाटात घडी घालून ठेवलेले असेल. ते बाहेर काढा. मळले तर धुवा, उसवले तर टाका घाला, वाकडा पडला तरी चालेल. पण त्यावर कुणाला तरी बसू द्या.