बदलीचा भंडारा

मी आकाराम. माझा फोटो तुम्ही बघितला असेल. आटपाडीपासून सांगलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मी हात जोडून उभा होतो. धंदा खडीचा. डोंगर फोडायचा, दगड क्रशरमध्ये घालायचा आणि खडी डंपरनं नेऊन रस्त्यावर टाकायची. उंब्रजकडच्या हायवेखाली आमच्या वाडीचा अर्धा डोंगर झोपलेला आहे म्हटलं तरी चालेल. पाच वर्षं आमदार होतो आणि ज्या दिवसाचं सांगतोय त्या दिवशी लोकसभेचा फॉर्म भरायला निघालो होतो. मेंढरांमागं हिंडणाऱ्याचं पोरगं दिल्लीला निघालं, असं सगळीकडं छापून आलं. ऐकायला बरं वाटतं. वाक्य मीच लिहून दिलं होतं.

कार्यक्रम सगळा ठरलेला. सकाळी डोंगरावरच्या बिरोबाला नारळ फोडायचा, भंडारा लावून घ्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि गाड्या सांगलीकडं. अडचण एकच होती आणि ती वाडीच्या टोकाला पत्र्याच्या घरात राहत होती. माझी आत्ती, राहीबाई. वय ऐंशीला टेकलेलं. आई मी रांगत असताना गेली, तेव्हापासून बापाच्या या बहिणीनंच मला वाढवलं. गेल्या चार वर्षांत ती बिरोबाची एक पायरी चढली नव्हती.

"दादा, लोकं इचारत्यात," देवळाचे पुजारी आप्पासो मला दोन दिवस आधी म्हणाले होते. "आजूबाजूच्या साऱ्या वाड्या राहीबाईंकडं बघून चालत्यात. त्या वर आल्याबिगर हितली मतं काय हालायची न्हाईत. त्यान्ला आणा."

त्यांना आणा. सांगायला सोपं. ती का येत नाही हे मला आणि आप्पासोंना दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

पहिल्यांदा आमदारकीला उभा राहिलो तेव्हाची गोष्ट. देवळापुढच्या पटांगणात बैठक बसली होती. वाडीच्या तक्रारी जुन्याच. सुरुंगानं भिंतींना तडे गेलेत, गवतावर धूळ बसते, मेंढरं खोकतात. मी सगळं मान्य केलं. मान्य करायला माझं काय जात होतं? पण म्हातारे हुशार निघाले. निवडून आल्यावर वर्षाच्या आत क्रशर बंद करीन, असं म्हणून भंडारा उचल, म्हणाले. आमच्यात स्टॅम्पपेपर वेगळा आणि भंडारा वेगळा. स्टॅम्पपेपरमधून वकील वाट काढतो. देवापुढं हळद मुठीत धरून बोललेल्या शब्दातून वाट नसते.

आप्पासोंनी ताट पुढं केलं. माझा हात उचलेना. हायवेचं काम हातात होतं आणि क्रशर बंद होणार नाही हे मला त्या क्षणी स्वच्छ माहीत होतं. सगळे बघत होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आत्ती उठली. तिला वाटलं, लेकरावर भरवसा नाही म्हणून ते दुखावलंय. दुसरं काही असेल, असं तिच्या मनातही येणार नव्हतं.

"ह्येला मी काखंत मारून मेंढरामागं हिंडलीया," ती म्हाताऱ्यांना म्हणाली. "त्येला काय भंडारा उचलाय लावताय? त्येच्या बदली मी उचलते." आणि तिनं मूठ भरली. "क्रशर बंद न्हाई झाला, तर ह्यो भंडारा पुन्यांदा माझ्या कपाळाला लागायचा न्हाई."

मी तिच्यापासून दोन पावलांवर होतो. हात धरता आला असता. आत्ती, थांब, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. उलट मला हलकं वाटलं. हे सांगताना आज लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. गाडीत बसताना तर मी मनाशी म्हणालोसुद्धा, भंडारा काही मी उचललेला नाही.

निवडून आलो. वर्ष संपायच्या आत माझ्या क्रशरवर 'बंद आहे' अशी पाटी लावली. पुढच्या महिन्यात तिथंच मेव्हण्याच्या, ऋषिराजच्या नावानं नवीन परवाना निघाला. यंत्र तेच, डंपर तेच, कामगार तेच. वाडीनं मान डोलावली, कारण तोवर मी घरोघर नळ आणला होता. नळ आल्यावर माणसं फार प्रश्न विचारत नाहीत.

आत्तीनंही विचारलं नाही. त्या वर्षीच्या जत्रेत मी ढोलाच्या गजरात खाली उतरत होतो, तर ती पहिल्या पायरीजवळच्या दगडावर बसलेली दिसली. आपला नारळ तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती वर धाडला होता. सगळी वाडी पिवळीधमक आणि हिचं कपाळ कोरडं. वर का आली नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "गुडघं धरल्यात रं." त्याच गुडघ्यांनी ती रोज शेरडांमागं दोन कोस चालत होती. मी डॉक्टर पाठवला. काय करणार, मला पाठवायचीच सवय.

तर फॉर्म भरायच्या दिवशी सकाळी सात वाजता मी तिच्या दारात गेलो. गाड्या लांबच थांबवल्या. ती एका करडाला बाटलीनं दूध पाजत बसली होती. अलीकडं तिला ऐकू कमी येतं, म्हणून अगदी जवळ जाऊन बसलो.

"आत्ती, आज वर चल. खुर्चीत बसवून नेतो. चार माणसं ठेवल्यात."

"माणसं कशापायी? चढाय मला येतंय की," ती म्हणाली. "गुडघ्याचं काय न्हाई, ते तुलाबी ठावं हाय."

मी जमिनीकडं बघत बसलो. एवढ्यात डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सुरुंग उडाला. पत्रा थरथरला. करडू दचकलं, तिनं त्याला पोटाशी धरलं. आज काम बंद ठेवा म्हणून मी ऋषिराजला चारदा सांगितलं होतं.

"निवडणूक हू दे, आत्ती. मग क्रशरचं बघतोच मी."

"क्रशरचं नगं सांगू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "त्यो तुझ्याच्यानं बंद व्हायचा न्हाई. मला कळलंय ते. माझं एवढंच कर. आज देवाम्होरं उभा ऱ्हा आन् समद्यांदेखत सांग, ती शपथ माझी हुती, आत्तीची न्हवं. तिचं काय आसंल ते माझ्या डोक्यावर घेतो म्हण. आप्पासोला सांगून ठिवलंय मी. तू बोललास की मी मोकळी."

"एवढंच?"

"एवढंच. मराय आलीया रं मी. आसल्या कोरड्या कपाळानं न्हाई जायाचं मला."

मी व्हय म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. तेवढं तरी माझ्या पदरात घाला.

ती पायऱ्यांपर्यंत माझ्याबरोबर आली आणि त्याच दगडावर बसली. मी चढायला लागलो. पायऱ्या एकशे बारा. प्रत्येक पायरीवर वाक्य घोकत होतो. ती शपथ माझी होती, आत्तीची नव्हती. केवढंसं वाक्य. चाळीस चाळीस मिनिटं भाषण ठोकणारा माणूस मी, एवढं काय जड आहे, असं स्वतःला बजावत होतो.

वर पटांगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. कॅमेरे होते, पक्षाचे पुण्याचे लोक होते. आप्पासो ताट घेऊन गाभाऱ्याच्या दारात उभे होते आणि माझ्या तोंडाकडं एकटक बघत होते. माझ्या हातात माईक आला.

"पाच वर्षांपूर्वी याच ठिकाणी," मी सुरुवात केली, "माझ्या राही आत्तीनं माझ्या बदली भंडारा उचलला."

आणि टाळ्या पडल्या. आत्तीच्या नावाला टाळ्या पडणारच. कुणीतरी बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणालं, सगळं पटांगण मागोमाग म्हणालं. मी थांबलो. गर्दी शांत झाली. वाक्याचा पुढचा अर्धा भाग माझ्या जिभेवर होता. समोर दोन हजार माणसं होती आणि त्यांची तोंडं एवढी आनंदी होती. मला या गोष्टीची चांगली समज आहे, ती माझ्या पोटापाण्याची समज आहे. पुढचा भाग बोललो असतो तर ती तोंडं बदलली असती.

"त्या भंडाऱ्याच्या पुण्याईनंच मी आज दिल्लीला निघालोय," मी म्हणालो.

केवढ्या टाळ्या. आप्पासोंनी मान खाली घातली. माझ्या कपाळाला भंडारा लावला, मग रिवाजाप्रमाणं डोक्यावर, खांद्यावर मुठी भरून उधळला. मी आपादमस्तक पिवळा झालो. फोटो फार चांगले आले त्या दिवशी.

खाली उतरलो तेव्हा पायथ्याशी ढोल-कैताळांचा दणका चालला होता. वरचं भाषण तिथं चांगल्या कानाच्या माणसालाही कळलं नसतं, आत्तीला तर नाहीच. ती दगडावरून उठून उभी होती. माझा हात तिनं दोन्ही हातांनी धरला.

"सांगितलंस?"

मागून ऋषिराज म्हणाला, "दाजी, तीनच्या आत पोचाय पायजे." तो म्हणाला म्हणून घाई झाली, असं मला सांगता येईल. पण मेव्हण्याच्या नावावर आधीच माझ्या बऱ्याच गोष्टी आहेत, ही एक माझ्याच नावावर राहू दे.

"व्हय," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हात वर केला. लहानपणापासून कुठंही निघालो की ती माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची. वाटलं, तेच करणार. पण तिनं माझ्या गालावरचा भंडारा दोन बोटांनी निपटला आणि आपल्या कपाळाला लावला. कपाळभर लावला. मग आणखी घेतला आणि गळ्याला लावला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. डोळे उघडले तेव्हा ती एवढी खूश होती, की मला तिथं उभं राहवेना.

"जा आता तू," म्हणाली. "मी वर जाऊन येते."

गाडीच्या काचेतून मी तिला बघितलं. पदर खोचला होता, एका हातानं कठडा धरला होता आणि एकेक पायरी चढत होती. कुणी हात द्यायला गेलं तर त्याला तिनं लांब सारलं. मग वळण आलं.

सांगलीला कलेक्टर कचेरीत वेळेत पोचलो. फॉर्म तपासून झाल्यावर उमेदवाराला उभं राहून शपथ घ्यावी लागते. समोरच्या अधिकाऱ्यानं कागद पुढं केला आणि सरळ साध्या आवाजात विचारलं, "ईश्वरसाक्ष घेणार, की गांभीर्यपूर्वक?" कागदावर दोन्ही छापलेलं असतं, नको ते खोडायचं. गेल्या वेळी मी ईश्वराला साक्ष ठेवून मोठ्यानं वाचलं होतं. या वेळी पेन घेतलं आणि ईश्वर खोडला. कागदावर माझ्या कॉलरवरचा भंडारा सांडला. अधिकाऱ्यानं तो फुंकर मारून उडवला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आप्पासोंचा फोन आला. मी सांगलीतच, विश्रामबागेतल्या बंगल्यात होतो. अंघोळ करून दुसरे कपडे घातले होते. बायको राजेश्वरी पेढे वाटत होती. मी फोन घेऊन गच्चीवर गेलो.

"राहीबाई वर आल्या हुत्या," आप्पासो म्हणाले. "दोनदा बसल्या वाटंत, पर आल्या. लय वेळ देवाम्होरं बसल्या. मग मला म्हणाल्या, आप्पासो, माझ्या लेकरानं सांगितलं न्हवं समद्यांदेखत?"

"मग तुमी काय म्हणलासा?"

"व्हय म्हणलो." "आवं, काय म्हणणार? कपाळभर भंडारा लावून आल्या हुत्या. तो पुसा म्हणून सांगू त्यान्ला? पर गाभाऱ्यात हुतो मी, दादा. हातात भंडाऱ्याचं ताट हुतं."

मी गच्चीचं दार ओढून घेतलं.

"उद्यापासनं पूजंला दुसरं माणूस बघा," ते म्हणाले. "माझ्या हातानं आता देवाला भंडारा लागायचा न्हाई."

"आप्पासो, असं करू नका. मी उद्या सकाळी येतो. राही आत्तीला मी स्वतः सांगतो."

"नगा. आता त्यान्ला कायबी सांगू नगा. त्या हायत तवर तरी नगं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. चाळीस वर्षं त्यांनी पहाटे उठून त्या देवाला पाणी घातलंय. घरात त्यांच्याशिवाय पूजेला कुणी नाही. "म्या कंबर दुखतीया म्हणून सांगितलंय वाडीत. तुमीबी तसंच सांगा."

मी हो म्हणालो. खालून कुणीतरी मला हाका मारत होतं, पुण्याचे लोक आले होते. आप्पासोंनी फोन ठेवता ठेवता काळजीनं विचारलं, "फॉर्म येवस्थित भरला न्हवं, दादा?"

"भरला," मी म्हणालो. दिवसभरात कुणाच्या विचारण्याला मी खरं उत्तर दिलं असेल, तर ते तेवढंच.