पाठीवर नेण्याजोगी ताडपत्री

अंजना अठरा वर्षं कुपवाडच्या एका शेडमध्ये ताडपत्र्या शिवत होती. ट्रकच्या, मांडवाच्या, बेदाण्याच्या शेडच्या. तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या जोडल्या असत्या तर अख्खा जत तालुका झाकला असता, आणि तिथं तर झाकण्याइतका पाऊसही पडत नाही. गुडघे कामातून गेले होते, उजवा खांदा संध्याकाळी वर होत नव्हता, आणि आता घरातल्या पोरीलाच ताडपत्री हवी होती.

पोरगी म्हणजे अपेक्षा, चोवीस वर्षांची. पाटणच्या वरच्या जंगलात जनावरं मोजणाऱ्या एका संस्थेत तिला काम लागलं होतं. परतीच्या पावसात आत शिरायचं, थंडी तिथंच काढायची आणि वळीव झाले की बाहेर यायचं; भर पावसाळ्यात तेवढी सुट्टी. जमीन ओली, त्यात जळवा, म्हणून दोन झाडांना झोळी बांधून त्यातच झोपायचं. झोळी संस्थेची, वरचं छत मात्र ज्याचं त्यानं आणायचं. शनिवारी साताऱ्यात सामान तपासणार होते, आणि ज्याचं छत नीट नसेल त्याचं नाव कटणार होतं.

"झोळीत तान्ही पोरं झोपत्यात," अंजना म्हणाली. "तू एवढी घोडी!"

"ते ऱ्हाऊ दे. ताडपत्री कुठली घेऊ, ते सांग. तुझ्याएवढं कुणाला कळतंय?"

सोमवारी अंजनानं शेडमधली सगळ्यात जाड ताडपत्री आणली. नवऱ्याला, ज्योतिबाला, फोन लावला. तो मेंढरं घेऊन कराडच्या पलीकडं पोचला होता. त्याचंही तेच मत. "जाडच घे. रानात फाटली तर शिवाय कोण बसलंय?"

मंगळवारी पहाटेच अपेक्षानं ती पाठीवरच्या पिशवीत भरली, स्कूटीनं दंडोबाच्या पायथ्याला गेली आणि डोंगर चढून आली. खांद्यावर लाल वळ उठले होते.

"आये, आपलं बिऱ्हाड घोड्यावर असतंय," ती म्हणाली. "मला कुठाय घोडं?"

अंजनाला हसू आलं. खरंच की! त्यांच्या सात पिढ्यांत कुणी ताडपत्रीचं वजन बघितलं नव्हतं. दोघांनी उचलायची, घोड्यावर टाकायची, की झालं. माणसाच्या पाठीचा विचार करायची वेळच कुणावर आली नव्हती. ही चूक अगदी प्रामाणिक होती. त्यानंतरच्या नव्हत्या.

कारण त्याच दुपारी तिला गोदामात एक गठ्ठा दिसला. परत आलेल्या ऑर्डरचं हिरवट कापड, दोन्ही बाजूंनी लेप दिलेलं, मुठीत मावेल इतकं पातळ. तिनं तांब्यातलं पाणी ओतून बघितलं. थेंबही आत झिरपत नव्हता. ओढून बघितलं, फाटत नव्हतं. मालक पारसशेठ जवळून जाता जाता म्हणाले, "पाहिजे तर घ्या ताई, पडूनच आहे ते."

अंजनानं तो गठ्ठा मागं सरकवला आणि त्याच्यावर चार जुन्या ताडपत्र्या टाकल्या. एक माणूस उघड्यावर असला की निम्मी झोप जाते, हे ती लग्नापासून भोगत होती. दुसरंही गेलं तर उरलेली निम्मीही जाणार. जाऊ नको म्हणायची तिची हिंमत नव्हती. शिकलेली पोर, चार प्रश्न विचारेल. ताडपत्रीच मिळाली नाही तर मात्र कुणाचाच दोष नाही.

बुधवारी तिनं बेदाण्याच्या शेडवरचं प्लास्टिक आणलं. अंगणातला कडुलिंब आणि विजेचा खांब यांच्यामध्ये झोळी बांधली, वर प्लास्टिक ताणलं, अपेक्षा आत झोपली आणि अंजनानं पाइपानं पाणी सोडलं. थोडा वारा आला आणि दोरीच्या कडीपाशी प्लास्टिक टरकन फाटलं. गुरुवारी तिनं एक आखूड तुकडा आणला. त्याखाली डोकं कोरडं राहिलं आणि पाय चिंब भिजले. तो आखूड आहे हे अंजनाला आणतानाच माहीत होतं. शेजारची मनुबाई कुंपणावरून म्हणाली, "अगं, पोरीला आंघोळ घालतीयास का तिची परीक्षा घेतीयास?"

दर वेळी अपेक्षा घडी घालायची, ओझं किती होतंय ते बघायला पिशवीत भरायची, दंडोबा चढून यायची. गुरुवारी ती अंधार पडायच्या आत परतली आणि उंबऱ्यावरच बसली. बूटही काढले नाहीत.

"न्हाई जात मी, आये. दमले."

हवं होतं ते झालं होतं. अंजनानं भाकरी वाढली. अपेक्षानं ती खाल्ली, ताट धुतलं आणि भिंतीला टेकून बसून राहिली. सहा वाजता शेडमधून सुटल्यावर बाया जशा बसतात, तशी. त्या बसण्यात राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. अंजनाला स्वतःची लाज वाटली. असं बसायला आपल्याला अठरा वर्षं लागली आणि पोरीला आपण तीन दिवसांत बसवलं.

शुक्रवारी तिनं गठ्ठा बाहेर ओढला. झोळीपेक्षा दोन्हीकडं हातभर जास्त धरून कापलं. मधल्या शिवणीला दुहेरी दुमड घातली, कोपऱ्यांना जाड ठिगळं लावली, दोन्ही टोकांना वाऱ्याच्या बाजूनं ओढून घेता येतील असे पडदे जोडले. दुपारचा डबा खायचाही राहिला. संध्याकाळी पुन्हा झोळी, पुन्हा पाइप. तिनं वरून पाणी सोडलं, बाजूनं सोडलं, खालून वर उडवलं. अपेक्षा बाहेर आली ती कोरडी ठणठणीत. घडी घातल्यावर ते छत दोन भाकरींच्या फडक्याएवढं झालं.

"आये, हे कापड कवा आलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यालाही ताकद लागते, आणि ती अंजनाकडं उरली नव्हती.

"मंगळवारीच बघितलं मी."

"मग मला दंडोबा चढाय का लावलंस?"

"तू दमशील म्हणून. दमलीस की ऱ्हाशील, आसं वाटलं."

अपेक्षानं छताची दोरी गुंडाळून पिशवीत टाकली.

"लय वाईट केलंस."

"व्हय."

"आन् आण्णा? ते वर्षातनं आठ महिने भाईर असत्यात. त्यास्नी कवा न्हाई आडवलंस?"

अंजनानं दुखऱ्या खांद्यावर डावा हात ठेवला.

"त्यांनी मला कवा इचारलंच न्हाई, कुठली ताडपत्री घेऊ म्हणून," ती म्हणाली. "तू इचारलंस. म्हणून आडवायची हिंमत झाली."